दगडी भिंतीवरचा स्प्रे: वरून डिस्टेंपर मारू देऊ नका

नगरपरिषदेच्या शाळेच्या काळ्या दगडी भिंतीवर लाल स्प्रेने नावं लिहिली गेली, कर्मचारी वरून डिस्टेंपर मारून गेले आणि आठ दिवसांत अक्षरं पुन्हा वर आली, असं तुम्ही लिहिलंय. ती येणारच होती. काही लाल स्प्रेंमधला डाय पाण्याच्या रंगातून वर झिरपतो, आणि स्प्रेच्या गुळगुळीत थरावर डिस्टेंपर धरतही नाही, पापुद्रे सुटतात. आता एकाऐवजी दोन थर काढायचे आहेत.

आधी डिस्टेंपर कोमट पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने धुऊन काढा. तारेचा ब्रश नको, लोखंडाचे कण दगडात अडकून पुढे गंजाचे डाग पडतात. मग कोपऱ्यात, खाली, हाताच्या पंजाएवढ्या जागेवर चाचणी घ्या. जेलसारखं पेंट रिमूव्हर 2-3 मिमी जाड लावा, वर प्लास्टिक चिकटवा आणि अर्ध्या तासाने कोपरा उचलून बघा. रंग सुरकुतला असेल तर लाकडी पट्टीने अलगद ओढून घ्या, नसेल तर आणखी थांबा. धुण्याआधी खालची भिंत ओली करा, नाहीतर ओघळलेला रंग कोरडा दगड पिऊन टाकतो. पायथ्याशी प्लास्टिक अंथरा, तो चिखल गटारात जाऊ देऊ नका. नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा हवाच.

सगळ्यात जास्त नुकसान थिनरच्या बोळ्याने होतं. चोळलं की अक्षर जातं, पण पातळ झालेला रंग दगडाच्या बारीक छिद्रांत उतरतो आणि तिथे गुलाबी ढग उरतो. तो काढायला मुलतानी मातीत तेच सॉल्व्हंट, म्हणजे रंग विरघळवणारा थिनर, कालवून लेप द्यावा लागतो, दिवसभर वाळू द्यावा लागतो आणि बहुधा दोन-तीनदा करावा लागतो. ॲसिड तर अजिबात नको, ते चुन्याचे सांधे खातं. सांधे चुन्याचे असतील तर प्रेशर वॉशरही टाळा, साधा पाइप आणि ब्रश पुरे.

भिंत प्लास्टरची असती तर गोष्ट सोपी होती: घासून खरखरीत करायची, डाग अडवणारा सॉल्व्हंटवर आधारित प्रायमर एक हात, रात्रभर वाळवून बाहेरच्या इमल्शनचे दोन हात. मात्र खांबापासून खांबापर्यंत सगळा भाग रंगवायचा. मधेच चौकोन मारला की तो पुढच्या माणसाला पाटीसारखा दिसतो.

आता नगरपरिषदेचं. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, प्रत बांधकाम विभागाला. पुसण्याचं काम बहुतेक ठिकाणी स्वच्छता कर्मचाऱ्यांवर येतं आणि त्यांच्या हाती रंगाची बादलीच दिलेली असते, दोष त्यांचा नाही. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: पृष्ठभाग दगडी, सांधे चुन्याचे, बाधित जागा अमुक चौरस फूट, रंग लावू नये. चौरस फुटांचा आकडा दिला की अंदाजपत्रक लवकर होतं. तारखेचे फोटो जोडा, त्यात शेजारी मोजपट्टी धरा. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, 1995 चा उल्लेख करा. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. भिंतीवर क्लासची किंवा कर्जाची जाहिरात असेल तर त्यातला फोन नंबर फोटोत वाचता आला पाहिजे, तपास तिथूनच सुरू होतो. मजकूर जातीबद्दल किंवा धर्माबद्दल चिथावणीखोर असेल तर कापडाने झाका, पोलिसांना कळवा आणि पंचनामा झाल्याशिवाय पुसू नका.

स्वच्छ सर्वेक्षणाच्या दिवसांत अशाच भिंतींवर चित्रं आणि घोषवाक्यं रंगवली जातात, तेही मला पटत नाही. प्लास्टरवर खुशाल काढा. दगडावर तो रंगाचा थरच असतो, आतली ओल कोंडून पापुद्रे सुटतात आणि काढताना हीच सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

सफाईनंतर मेणाचा संरक्षक थर द्यायचा असेल तर गरम पाण्याने निघणारा आणि दगडाला श्वास घेऊ देणारा घ्या. तोही भिंत पूर्ण कोरडी झाल्यावर, म्हणजे पावसाळा संपून काही आठवडे गेल्यावरच.