डिजिटल कॅमेरा १९७५ मध्येच तयार झाला होता, मग फिल्म मागे पडायला पुढची पंचवीस-तीस वर्षं का लागली?

कारण नुसता कॅमेरा असून भागत नव्हतं. कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली बनवलेला कॅमेरा १०० × १०० पिक्सेलचा कृष्णधवल फोटो काढायचा. तो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागायचे आणि बघायला टीव्ही जोडावा लागायचा. फोटो साठवायचा कशात, छापायचा कशावर, यातली कुठलीच सोय तेव्हा घरोघरी नव्हती. फिल्मचं मात्र सगळं जागच्या जागी होतं: रोल घ्या, लॅबमध्ये टाका, प्रिंट आणा.

म्हणून बदल आला तो ज्यांना वेळेची सर्वांत जास्त निकड होती, त्यांच्याकडे आधी. १९९१ चा कोडॅक डीसीएस हा डिजिटल कॅमेरा निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याच्या बॉडीवर बांधलेला होता. जेमतेम १.३ मेगापिक्सेल, हार्ड डिस्कचा डबा वेगळा खांद्याला लटकवायचा, किंमत तर विचारूच नका. पण वर्तमानपत्राच्या छपाईला तेवढं पुरायचं, आणि रोल धुण्यात जाणारा वेळ वाचायचा. १९९९ च्या निकॉन डी१ नंतर वृत्तछायाचित्रकार झपाट्याने वळले. हौशी लोकांसाठी दार उघडलं ते २००३ मध्ये, कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला तेव्हा. तोवर कॉम्प्युटरही बऱ्याच घरांत पोचले होते.

मी लग्नाचे फोटो काढायचो. आम्ही लोक उशिरा वळलो, आणि ते निव्वळ जुन्याच्या प्रेमापोटी नव्हतं. कलर निगेटिव्ह फिल्मवर एक-दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट-चौपट, जास्त प्रकाश पडला तरी पांढऱ्या कपड्यावरची नक्षी प्रिंट करताना परत काढता यायची. सुरुवातीच्या डिजिटल सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, पांढरं एकदा जळलं की तिथे कोरा कागद. काही केल्या परत येत नाही. त्यामुळे हाताचं वळणच उलटं करावं लागलं. निगेटिव्हवर आम्ही सावलीतल्या भागाचा उजेड मोजून मोकळेपणाने एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा प्रकाश) द्यायचो, डिजिटलवर उजेडाचा भाग आधी सांभाळायला शिकलो. स्लाइड फिल्मवर (जिच्यावर थेट सुलटं चित्र येतं) काम केलेल्यांना हे सोपं गेलं, कारण तिथेही हीच शिस्त होती. माझ्या मते या बदलातला सगळ्यात अवघड भाग हाच होता, मेगापिक्सेल नव्हे. सेन्सर सुधारले, रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीतून, थोडंफार परत मिळवता येऊ लागलं, आणि मगच मी मुख्य विधींनाही फिल्मचा कॅमेरा बाजूला ठेवला.