जळगावात घरच्या बागेत ट्री पिओनी जगेल का?

रोप काही महिने तग धरेल, पण फुलणार नाही. पैसे घालू नका. हे मोठ्या फुलांचं झुडूप मूळचं चीनच्या डोंगराळ भागातलं. कळ्या उमलायला त्याला हिवाळ्यात कित्येक आठवडे ५ अंशांच्या आसपासचा गारठा लागतो. आपल्याकडे जानेवारीत एखादी रात्र तेवढी गार होते, दिवसा पुन्हा ऊन. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचून जाड मुळं कुजतात. तोरणमाळसारख्या थंड हवेच्या ठिकाणीही थंडी तेवढी टिकत नाही. काश्मीर-हिमाचलात कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्या अंगणात लावा, तेही निचऱ्याच्या जमिनीत. फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. इथे मोठी फुलंच हवी असतील तर डबल जास्वंद लावा, उन्हाळ्यात फक्त पाणी चुकवू नका.