वाचकांचे प्रश्न : जाताना दहा तास, येताना साडेअकरा!

प्रश्न : टोकियो ते लॉस एंजेलिस हे हवाई अंतर एके ठिकाणी ८,८००, दुसरीकडे ५,४७० तर तिसरीकडे ४,७५० दिलेले आढळते. खरे कोणते? शिवाय जाताना साधारण दहा तास लागतात, मग परतताना साडेअकरा-बारा का?

उत्तर : तिन्ही आकडे बरोबर आहेत. पहिला किलोमीटरचा, दुसरा साध्या मैलांचा (१.६०९ किमी) आणि तिसरा सागरी मैलांचा (१.८५२ किमी). वैमानिक सागरी मैलच वापरतात. एकक न पाहता वेगाने भागले की हिशोब फसतो.

हे अंतर पृथ्वीच्या गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेचे आहे. दोन्ही शहरे ३४ ते ३६ उत्तर अक्षांशांदरम्यान. त्यामुळे नकाशावर सरळ पूर्वेकडे रेघ ओढावीशी वाटते. पण ती वाट सुमारे ९,३०० किमी भरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा. तो उत्तरेकडे ४८ अंशांच्या आसपास चढतो आणि ५०० किमी वाचतात.

वेळेचा फरक पडतो तो वाऱ्याने. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. जपानवर हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० किमीच्याही पुढे जातो. (जपानी हवामानशास्त्रज्ञ ओइशी वासाबुरो यांनी १९२०च्या दशकात जपानमधल्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते.) विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किमी आणि वाटेतला सरासरी वारा ९० किमी धरू. जाताना ८,८०० ÷ ९९० म्हणजे ८ तास ५३ मिनिटे. येताना ८,८०० ÷ ८१० म्हणजे १० तास ५२ मिनिटे. धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांची ४० मिनिटे दोन्हींत मिळवा. वारा नसता तर ९ तास ४७ मिनिटे अधिक ४०. म्हणजे जाताना ५४ मिनिटे वाचली, येताना ६५ गेली. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते, म्हणून जाण्या-येण्याची फिट्टंफाट होत नाही. पॅसिफिकवरचे मार्ग रोज वारा पाहून आखतात. पश्चिमेकडे जाणारे विमान प्रवाह टाळायला लांबची वाटही धरते. मोठा आकडा दिसला म्हणून तो मार्ग वाईट, असे समजू नये.

प्रश्न : टोकियोहून जानेवारीत संध्याकाळी ५ला सुटणारे विमान त्याच दिवशी सकाळी १०ला पोहोचते, असे तिकिटावर आहे. ही छपाईची चूक का?

उत्तर : नाही. तिकिटावर त्या-त्या शहराचीच वेळ असते. दोन्ही वेळा यूटीसीत (जगभराच्या समान प्रमाणवेळेत) आणा : टोकियोच्या वेळेतून ९ तास वजा केले की सकाळचे ८, लॉस एंजेलिसच्या वेळेत ८ मिळवले की संध्याकाळचे ६. प्रवास १० तासांचा. उन्हाळ्यात तिथली घड्याळे तासभर पुढे असतात, तेव्हा ८ऐवजी ७ मिळवा. परतताना तारीख पुढे जाते : जानेवारीत दुपारी १२ला निघालात तर साडेअकरा तासांनी टोकियोत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेचार वाजलेले असतात. हॉटेलचे बुकिंग त्या तारखेचे करा.