वडिलांचं हार्ट फेल्युअर डॉक्टरांच्या लक्षात आलं नसेल, तर मनाची समजूत कशी घालायची?

तुमच्या वडिलांना दमा समजून इन्हेलर चालू होते, आणि शेवटी आयसीयूत कळलं की हृदयाचं पंपिंगच कमी झालंय. वेळेत इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला असता तर ते वाचले असते का, असं तुम्ही विचारलंय.

मीही कोल्हापूरचाच. माझे चुलते असेच गेले. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून उशा रचून बसल्या बसल्या झोपायचे. संध्याकाळी पाय सुजायचे. औषधं मात्र खोकल्याची.

तुमच्या मनात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. निदान राहिलं का, याचं उत्तर कागदावर मिळू शकतं. दवाखान्यात लेखी अर्ज द्या. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांप्रमाणे 72 तासांत कागद द्यावे लागतात. कोल्हापुरात डॉक्टर डॉक्टरांना ओळखतात, म्हणून आम्ही फाईल मिरजेच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवली. ते म्हणाले, छातीतली घरघर हृदयामुळेही होते, तिथं फसायला होतं. पण दोन्ही पायांना सूज आणि झोपल्यावर दम, एवढं असताना इको सांगायला हवा होता. त्यांनी ते स्पष्ट बोलून दाखवलं, याचा चुलतीला फार आधार वाटला. तोवर सगळे तिला ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणत होते. मला त्या वाक्याची चीड आहे.

वाचले असते का, हे मात्र कुठलीच फाईल सांगणार नाही. वेळेत निदान होऊनही साधारण निम्मे रुग्ण पाच वर्षांत जातात. औषधांनी दिवस वाढायची, श्वास सुखाचा व्हायची शक्यता होती. एवढं नक्की हुकलं, आणि त्याचं दुःख खरं आहे.

तक्रारीचं म्हणाल, तर निदान चुकलं म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असं कायदा मानत नाही. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते. आत्ताच ठरवू नका, पण तारीख लिहून ठेवा. चुलतीनं केस केली नाही. चुलतभावाला ते अजून पटलेलं नाही.

रात्री फारच त्रास झाला तर 14416 ला फोन लावा. टेली-मानस ही मानसिक आधाराची सरकारी सेवा आहे, फुकट, मराठीत बोलतात.

आणि फाईल दाखवाल तेव्हा एक विचाराच: हृदयाच्या स्नायूंचे काही आजार घराण्यात चालतात, तर तुम्हा भावंडांनी इको काढायला हवा का?