सातव्या सामन्यासमोरची नोंद

पत्र थोडक्यात असं: मुलगा १५ वर्षांचा, शाळेच्या १६ वर्षांखालील रग्बी संघात स्क्रम-हाफ, म्हणजे पुढच्या खेळाडूंच्या झुंडीतून चेंडू काढून मागच्यांना देणारा. आधीचे दोन हंगाम अ संघात होता, यंदा ब संघात गेला. त्यातच सहामाहीत गुण घसरले. वडिलांचे तीन प्रश्न आहेत. वजन वाढवायला पावडर सुरू करू का? एक वर्ष त्याच इयत्तेत ठेवलं तर पुढच्या हंगामात तो आपल्या गटात मोठा ठरेल का? आणि रग्बी अकादमीत निवड व्हावी म्हणून विज्ञान शाखेचा विचार सोडून द्यावा का? सोबत हंगामाचा तक्ता आणि गुणपत्रिका जोडली आहे.

नमस्कार,

तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे येईन, पण आधी तुमच्या तक्त्याबद्दल बोलायला हवं. प्रत्येक सामन्यापुढे तुम्ही रकाने आखलेत: खेळलेली मिनिटं, केलेले टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पकडून पाडणं), हुकलेले टॅकल, शेरा. सहाव्या सामन्यापुढे शेरा आहे, ‘डोक्याला गुडघा लागला, थोडा वेळ गरगरलं.’ सातव्यापुढे, ‘डोकं दुखत होतं, तरी ५२ मिनिटं.’ पत्रात तुम्ही कारणही दिलंय. सातव्या सामन्याला अकादमीची माणसं येणार होती, म्हणून प्रशिक्षकांना काही कळू दिलं नाही.

हे उत्तर वाचून झालं की शाळेला फोन करा आणि मुलाला डॉक्टरांकडे न्या. कोणत्या दिवशी लागलं, कुठे लागलं, त्यानंतर तो किती खेळला, काहीही न लपवता सांगा. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत सामना नाही, सराव नाही, घरी तुमच्याबरोबर टॅकलची तालीमही नाही. हंगामातले दोन सामने उरलेत असं तुम्ही लिहिता. ते त्याच्याशिवाय होऊ देत.

मी घाबरवतोय असं वाटेल, म्हणून स्पष्टच सांगतो. मेंदूला हादरा बसला की शुद्ध हरपतेच असं नाही. बहुतेकदा हरपत नाही. गरगरणं, डोकं दुखणं, उजेड सहन न होणं, विसरायला होणं, एवढ्यावरूनही तो ओळखावा लागतो. म्हणून रग्बीचा नियम असा की नुसती शंका आली तरी मुलाला लगेच बाहेर काढायचं आणि त्या दिवशी पुन्हा उतरवायचं नाही. त्यानंतर अभ्यास आधी रुळावर आणायचा, मग टप्प्याटप्प्याने व्यायाम, आणि अंगाला अंग भिडणारा खेळ सगळ्यांत शेवटी. इंग्लंडमध्ये शालेय खेळाडूला सामन्यात परतायला किमान २१ दिवस थांबावं लागतं. पहिला हादरा ओसरायच्या आत दुसरा बसला तर क्वचित मेंदूला अशी सूज येते की हातात काही उरत नाही. २०११ च्या जानेवारीत उत्तर आयर्लंडमध्ये १४ वर्षांचा एक मुलगा शाळेच्या सामन्यात डोक्याला मार लागूनही खेळत राहिला. मैदानात कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. पुढे त्याच्या वडिलांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. २०१५ मध्ये स्कॉटलंडने सगळ्या खेळांसाठी एकच नियम आणला: शंका असेल तर बाहेर.

आता गुणपत्रिका. तुम्ही लिहिलंय की ब संघात गेल्यापासून मुलगा ‘आळशी झालाय, चिडतो, पुस्तक उघडलं की डोळे चोळत बसतो’. ब संघात तो हंगामाच्या सुरुवातीलाच गेला होता. पहिल्या चाचणीत त्याचे गणिताचे गुण नेहमीसारखेच आहेत. घसरण सहामाहीत दिसते, आणि तुमच्याच तक्त्यातल्या तारखा पाहिल्या तर सहामाही सातव्या सामन्याच्या नंतर झाली. निदान करणारा मी कोण? ते डॉक्टरांचं काम. पण ज्याला तुम्ही आळस म्हणता ते दुखणं असू शकतं, आणि तसं असेल तर गेले कित्येक दिवस हा मुलगा दुखण्याबद्दल बोलणी खातोय. दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवा. वर्गशिक्षकांनाही सांगा, म्हणजे गृहपाठाचा भार थोडे दिवस कमी करता येईल.

आणखी एक गोष्ट मला खटकली. तीन पानांच्या पत्रात मुलाचं स्वतःचं एकच वाक्य आहे: ‘बाबा, ब संघात मजा येते.’ तेही तुम्ही तक्रार म्हणून दिलंय, त्याला महत्त्वाकांक्षा नाही याचा पुरावा म्हणून. मला त्यात खेळावर जीव असलेला मुलगा दिसतो. ब संघात चेंडू त्याच्या हाती जास्त येत असेल, चाल तो ठरवत असेल, चुकलं तर कोणी लिहून घेत नसेल. तो खेळत असताना तुम्ही रेषेबाहेर वही घेऊन उभे असता. पंधरा वर्षांच्या पोराला ती वही दिसत नाही असं समजू नका. डोकं दुखतंय हे त्याने तुम्हाला सांगितलं, याचा अर्थ त्याचा तुमच्यावर विश्वास आहे. त्यावर तुम्ही ‘आजचा दिवस काढ’ म्हणालात. पुढच्या वेळी तो सांगेलच असं धरून चालू नका. तो विश्वास परत मिळवायचा असेल तर तक्ता ठेवणं आजपासून बंद करा. आपलं चुकलं, हेही त्याला तोंडाने सांगा.

तो ब संघात का गेला, याबद्दल तुमचा मोठा गैरसमज आहे. तुम्हाला वाटतं त्याने मेहनत सोडली. पण उंचीच्या नोंदीही तुम्हीच पाठवल्यात: तेराव्या वर्षी ५ फूट ६ इंच, आज ५ फूट ७ इंच. तेव्हा तो वर्गातल्या पोरांच्या आधी वाढला होता आणि नुसत्या अंगाच्या जोरावर निसटून जायचा. आता बाकीचे वाढले. वयोगटांच्या खेळात हे सगळीकडे घडतं. लवकर वाढलेली आणि निवडीच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेली मुलं लहान गटांत जास्त निवडली जातात, आणि त्यांतली बरीच पुढे मागे पडतात. यात कोणाचा दोष नाही. उलट अंगाचा जोर संपला की पास, नजर आणि निर्णय शिकावेच लागतात, आणि स्क्रम-हाफला तेच लागतं. दक्षिण आफ्रिकेचे फाफ डी क्लर्क आणि चेस्लिन कोल्बे हे दोघेही पावणेसहा फुटांच्या आतले, आणि दोघांनीही २०१९ आणि २०२३ असे दोन विश्वचषक जिंकले. तुमचा मुलगा तिथे पोहोचेल असं मी म्हणत नाही. उंचीचं कारण पुढे करून त्याला फुगवू नका, एवढंच म्हणतो.

म्हणजे पावडरीचं उत्तर आलंच: नको. वाढत्या वयात वजन वाढवायचं असेल तर पोटभर जेवण, झोप आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली व्यायाम. अशा डब्यांत काय मिसळलेलं असेल याची खात्री नसते, आणि उत्तेजक चाचणीत सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूवरच येते. दक्षिण आफ्रिकेत क्रेव्हन वीक या शालेय वयाच्या स्पर्धेतही चाचण्या होतात आणि तिथे मुलं सापडलेली आहेत.

एक वर्ष मागे ठेवण्याचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. वयोगट जन्मतारखेवर ठरतो, इयत्तेवर नाही. मुलगा मित्रांपासून तुटेल, वर्ष जाईल, आणि मैदानात तो आज ज्या गटात आहे त्याच गटात राहील.

आता अकादमी आणि विज्ञान. रग्बीचा हा प्रकार, रग्बी युनियन, १९९५ पर्यंत अधिकृतपणे हौशी खेळ होता, पगारी खेळाडू त्यानंतर आले. आजही करार मोजके, मुदत थोडी, आणि एक गुडघा गेला की सगळं संपू शकतं. निवड झाली तरी शिक्षण हवंच. त्यामुळे ‘खेळ की विज्ञान’ हा प्रश्नच चुकीचा मांडलाय. त्याला जीवशास्त्र आवडतं असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, तर विज्ञान घेऊ द्या. फिजिओथेरपी, क्रीडाविज्ञान, क्रीडाशिक्षण, सामन्यांचं विश्लेषण या वाटा त्याने खेळणं सोडलं तरी खुल्या राहतात. प्रवेश परीक्षांची माहिती शाळेत मिळेल, त्यात मी वेळ घालवत नाही.

एक वाट मात्र सुचवतो: पंचगिरी. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर लहान गटाच्या सामन्यांत त्याला पंचांच्या मदतीला उभं राहू द्या. रग्बीचं नियमपुस्तक मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी सारखं नाही. १९ वर्षांखालील सामन्यात एक सत्र ३५ मिनिटांचं असतं, मोठ्यांचं ४० चं. शिवाय स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू एकमेकांना भिडून ढकलतात तेव्हा, मुलांना दीड मीटरच्या पुढे ढकलायची परवानगी नसते. असे नियम का आहेत हे ज्या मुलाला समजतं, तो मैदान फार नीट वाचायला शिकतो. पुढे तो खेळाडू होवो वा न होवो, हे ज्ञान त्याच्या उपयोगी पडेल.

पुढचं पत्र मला त्याच्याकडून हवंय. त्याला काय आवडतं, कशाचा कंटाळा येतो, पुढच्या हंगामात खेळायचं आहे की नाही, ते तो लिहील. तुम्ही ते आधी वाचू नका आणि दुरुस्तही करू नका. घाई नाही. डॉक्टरांनी लिहिण्या-वाचण्याला परवानगी दिल्यावरच त्याला बसवा.