ज्वालामुखीसारखे कण आकाशात सोडून कोकणातला उकाडा कमी करता येईल का?

तापमान खाली येईल, हे खरं. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा सुमारे दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात गेला. त्यापासून सल्फेटचे बारीक कण झाले, त्यांनी ऊन परतवलं आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान जवळपास ०.५ अंशाने उतरलं. विमानांतून असेच कण फवारायचे, ही सौर भू-अभियांत्रिकीची कल्पना.

पण आपला प्रश्न पावसाचा आहे. जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून मोसमी वारे आत येतात. ऊन कमी केलं की ही ओढ मंदावू शकते. पिनाटुबोनंतर १९९२ मध्ये जगभरात जमिनीवरचा पाऊस घटला होता. मृगात तरवा पेरून ढगांकडे डोळे लावून बसलेल्या लांजा-राजापूरच्या शेतकऱ्याला अर्ध्या अंशाच्या गारव्यापेक्षा वेळेवर लावणी हवी असते.

शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो, तो पाण्यात विरघळून समुद्राची आम्लता वाढतच जाते, आणि आपल्या खाडीतल्या तिसऱ्या-कालवांचं कवच त्याच पाण्यात बनतं.

मला सर्वांत जास्त भीती वेगळीच वाटते. हे कण वर्ष-दोन वर्षांत खाली बसतात, म्हणजे फवारणी दशकानुदशकं चालू ठेवावी लागणार. ती मध्येच बंद पडली, तर दबून राहिलेली सगळी उष्णता थोड्याच वर्षांत उसळून येईल.