इमारत नंतर, आधी रूळ

चि. पोरी, अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ॲशली गावच्या ह्यूबर ब्रेकरवरचं, म्हणजे खाणीतला कोळसा फोडून, धुऊन, चाळणाऱ्या जुन्या कारखान्यावरचं, तुझं टिपण काल रात्री वाचलं. हात चांगला आहे तुझा, पण पहिल्याच पानावर अडखळलो. छायाचित्रकार लुइस हाइनने १९११ साली काढलेला, काळवंडलेल्या पोरांचा फोटो तू तिथे लावला आहेस. तो साउथ पिटस्टनचा. ॲशलीचा ह्यूबर उभा राहिला १९३९ मध्ये. वाहत्या कोळशातून हाताने स्लेटचे दगड वेचणारी ती मुलं जुन्या ब्रेकरांतली. ह्यूबरमध्ये ते काम पाण्यावर सोपवलेलं होतं: खालून उसळणाऱ्या धारेत हलका कोळसा वर राहतो, जड दगड तळाला जातो. तो फोटो काढ.

दुसरं म्हणजे, तू अकरा मजल्यांच्या इमारतीपासून सुरुवात केलीस. मी रुळांपासून केली असती. चंद्रपूरकडच्या, कोळसा भरायच्या एका रेल्वे सायडिंगवर अठरा वर्षं काढली, म्हणून सांगतो. एका पावसाळी रात्री आमच्याकडे कोळसा वाहून नेणारा पट्टा तुटला. ओला कोळसा हॉपरमध्ये घट्ट बसलेला, तीन माणसं सब्बलीने तो ठोकतायत आणि खाली निम्मा भरलेला रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, उभा. पट्टा कधी जुळेल ते एकानेही विचारलं नाही. वरून फोन येत होते ते एवढ्यासाठीच, की डेमरेज, म्हणजे गाडी वेळेपेक्षा जास्त अडवल्याचा दंड, किती बसणार.

आता ॲशलीकडे बघ. तिथल्या वायोमिंग खोऱ्यातलं अँथ्रासाइट, म्हणजे कठीण जातीचा कोळसा, पूर्वेकडच्या शहरांत पोचवायचं आणि वाटेत डोंगर आडवा. लीहाय कोल अँड नॅव्हिगेशन कंपनीने १८४० च्या दशकातच तिथे तीन तिरपे रूळमार्ग बांधून काढले, तेच ‘ॲशली प्लेन्स’. डोंगरावर एका जागी बसवलेली वाफेची इंजिनं दोर ओढायची आणि कोळशाच्या वाघिणी (मालडबे) जवळपास हजार फूट वर चढायच्या. पायथ्याशी दोन रुळांच्या मधल्या खड्ड्यातून ‘बार्नी’ नावाचा बुटका गाडा बाहेर यायचा, वाघिणींच्या मागे टेकायचा आणि त्यांना वर रेटत न्यायचा. रिकाम्या वाघिणी मात्र लांबच्या, सौम्य उताराच्या ‘बॅक ट्रॅक’ने परत यायच्या. (बार्नीवर तू एक ओळही खर्ची घातली नाहीस, हे मला फारच लागलं.) १८७१ मध्ये हा मार्ग सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीने भाडेपट्ट्याने घेतला. म्हणजे ग्लेन ऑल्डन कोळसा कंपनीने ह्यूबर बांधला तेव्हा डोंगर चढायची वाट तिथे कधीचीच तयार होती.

आणि ब्रेकर मुळात रुळाशेजारी का? खाणीतून कोळशाबरोबर दगडही येतो. त्याचं भाडं कोण भरणार? म्हणून फोडणं, धुणं, चाळणं सगळं तिथेच उरकायचं आणि एग, स्टोव्ह, चेस्टनट, पी अशा आकारांत वेगळा केलेला माल खालच्या रुळांवरच्या वाघिणींत ओतायचा. त्यावर निळा रंग फवारायचे, का तर घरी शेगडी पेटवणाऱ्या बाईला ‘ब्लू कोल’ हा त्यांचा छाप ओळखू यावा. यावरचा परिच्छेद तुझा उत्तम जमला आहे, त्याला हात लावू नकोस.

शेवट मात्र घाईत गुंडाळलास. प्लेन्स १९४८ मध्ये बंद झाल्या, ब्रेकर १९७६ पर्यंत चालला. मधल्या काळात घराघरांत तेल आणि गॅस आला. १९५९ च्या जानेवारीत नॉक्स खाणीत सस्क्वेहाना नदी घुसली, १२ माणसं गेली आणि त्या भागातलं खोल खाणकाम जवळपास संपलं. १९७२ मध्ये सेंट्रल रेलरोडने पेनसिल्व्हेनियातून काढता पाय घेतला. या तारखा एका कागदावर उभ्या मांड आणि शेजारी दर वर्षी किती वाघिणी भरल्या ते लिहीत जा. आकडे सापडणार नाहीत तिथे जागा कोरी सोड, अंदाज ठोकू नकोस.

ब्रेकर २०१४ मध्ये पाडला, त्यामुळे तो आता दिसायचा नाही. पण प्लेन्सच्या वाटेवर चालून ये आणि पायथ्याशी बार्नीचा खड्डा कुठे असेल ते बघ. बूट जाड सोलचे घाल.

तुझा,
काका